सहाशे बारानंतर

१

इमारतीत त्या दोघांना नावाने फारसं कोणी ओळखत नसे. ते चष्मेवाले आणि ती कोडेवाली. चष्मेवाल्यांचं गल्लीच्या तोंडाशी दुकान होतं. गुडघे बोलायला लागले तसं त्यांनी ते पुतण्याच्या हवाली केलं, आणि आता रोज सकाळी तासभर तिथे जाऊन पुतण्याच्या कामात चुका काढून परत येत. कोडेवाली मात्र निवृत्तीचं नाव घेत नव्हती. एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत तेवीस वर्षं तिचं शब्दकोडं छापून येत होतं. पंधरा बाय पंधराची चौकट, त्यात काळे चौकोन, आडवे शब्द, उभे शब्द. त्यात तिचा जन्म गेला होता म्हणा ना. चष्मेवाल्यांनी आजवर त्यातलं एकही सोडवलं नव्हतं. कोणी विचारलं की म्हणायचे, ‘घरात एवढं मोठं कोडं आहे, ते सुटल्याशिवाय दुसरं हातात घेत नाही.’

जुना कॉम्प्युटर धापा टाकायला लागला म्हणून मुलाने येऊन नवा बसवून दिला. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला. दोन दिवसांसाठी आला आणि सगळं तिचं काम ‘वर’ चढवून गेला. वर म्हणजे कुठे, ते तिला कळलं नाही. ‘क्लाउडवर,’ तो म्हणाला. ‘तू इथे अक्षर टाईप केलंस की ते वर जाऊन बसतं, आपोआप. कॉम्प्युटर जळाला, पडला, चोरीला गेला, तरी तुझं काही जाणार नाही.’ बाबांचा फोनही त्याने त्यालाच जोडला, म्हणजे फोटोही वर जातील.

तीन आठवडे सगळं सुरळीत होतं. मग एका मंगळवारी साडेदहाला ती नेहमीप्रमाणे टेबलाशी बसली, चष्मा पुसला आणि कोड्यांचं फोल्डर उघडलं.

शेवटचं कोडं सहाशे बारा होतं.

तिने आधी स्वतःलाच वेडी म्हटलं. यादी उलटसुलट लागली असेल. ती लावून पाहिली. एक ते सहाशे बारा, ओळीत, एकही दात न पडलेल्या बत्तिशीसारखी. आणि काल तिने अकराशे चौऱ्याऐंशीवं पुरं केलं होतं.

२

‘आई, घाबरू नको,’ मुलगा फोनवर म्हणाला. ‘काही जात नाही. कोणीतरी डिलीट केलं असणार.’

‘कोणीतरी म्हणजे कोण? घरात माणसं दोन. एकाला माऊस धरता येत नाही आणि दुसरी मी.’

‘तेच म्हणतोय मी.’

‘म्हणजे मी केलं?’

‘अगं, हात लागतो कधीकधी. मला इथून दिसतंय थांब.’ तो काहीतरी उघडून बघत होता. त्याच्या ऑफिसातला आवाज येत राहिला. ‘हं. पाचशे बहात्तर फाइली. काल दुपारी. आणि त्या तुझ्या कॉम्प्युटरवरून गेलेल्याच नाहीत. “घरचा कॉम्प्युटर” म्हणून एक आहे, त्याच्यावरून गेल्यात.’

‘घरचा कॉम्प्युटर हाच की.’

‘नाही, याचं नाव मी वेगळं ठेवलंय. घरचा कॉम्प्युटर म्हणजे तो जुना. कुठे आहे तो?’

‘भंगारात दिला ना तूच. खाली उभं राहून.’

‘हो, दिला खरा,’ मुलगा म्हणाला. मग कामाच्या माणसाच्या आवाजात म्हणाला, ‘यादीत नाव उरलं असेल. मी काढून टाकतो आणि तुझ्या फाइली परत आणतो. पाच मिनिटं.’

पाच मिनिटांनी सगळी कोडी परत आली. तिने हुश्श केलं आणि लागलीच ती पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. ताकही फुंकून पिणारी बाई, तिला ‘वर’चा भरवसा नव्हता.

बुधवारी साडेदहाला पुन्हा शेवटचं कोडं सहाशे बारा. तिने ड्रॉवरमधून पेन ड्राइव्ह काढून लावला. त्यावर पाचशे बहात्तर नावं होती. एकही उघडेना.

‘तू खुणाच उतरवल्यास,’ मुलाने समजावलं. ‘खरी फाइल वर असते, तुझ्याकडे नुसती तिची खूण. वरची गेली की खूण पोकळ.’

‘मग माझ्याकडे आहे काय?’

यावर त्याच्याकडे उत्तर होतं, पण त्यातलं तिला काही कळलं नाही. त्याने पुन्हा सगळं परत आणलं. पासवर्ड बदलला. ‘घरचा कॉम्प्युटर’ यादीतून दोनदा काढला. तो दोनदा परत आला.

कोडेवालीचं काम असं होतं, की एखादी गोष्ट कुठे तुटते ते तिला आधी दिसायचं. तिने सहाशे बाराची तारीख पाहिली. अकरा वर्षांपूर्वीची, एक नोव्हेंबर, बुधवार. मग तिने बाकीची फोल्डरं उघडली. पत्रं आठ नोव्हेंबरपर्यंतची. फोन नंबरांची यादी आठ नोव्हेंबरची. बाल्कनीतल्या कुंड्यांचे तिने हौसेने काढलेले फोटो, सुनेच्या पहिल्या भेटीचे, नातीच्या बारशाचे, सगळे गेलेले. त्याआधीचं मात्र जसंच्या तसं. जे गेलं ते सगळं तिचं होतं. आणि सगळं नऊ नोव्हेंबरपासूनचं.

३

‘नऊ नोव्हेंबर?’ चष्मेवाले म्हणाले. ‘गुरुवार? काय असणार गुरुवारी. दुकान उघडलं असेन आणि बंद केलं असेन.’

‘आठवून तरी बघा.’

‘अगं, मला परवाचं विचारलंस तर सांगता येणार नाही. अकरा वर्षांपूर्वीचा गुरुवार काय डोक्यात घेऊन फिरतोय मी?’

हेही खरंच. तीही आठवत बसली, आणि तिला त्या अख्ख्या महिन्यातलं काही आठवेना. पण तसा आधीच्या महिन्यातलाही एखादा दिवस तिला सांगता आला नसता. माणूस सगळं थोडंच धरून ठेवतो?

पुरवणीची संपादक होती एक चटपटीत बाई. ती कोडेवालीला प्रेमाने ‘मास्तरीणबाई’ म्हणायची. बाराशेव्या कोड्याच्या निमित्ताने निवडक कोड्यांचं पुस्तक काढायचं तिनेच ठरवलं होतं, आणि त्याचीच निवड कोडेवाली करत होती. झाला प्रकार ऐकून ती म्हणाली, ‘त्यात काय, आमच्याकडे जुन्या अंकांच्या बांधीव फाइली आहेत. छापलेलं थोडंच पुसलं जातं?’

तासाभराने तिचा फोन आला.

‘आहेत हो सगळी. सहाशे तेरा माझ्यासमोर आहे. फक्त तुम्ही म्हणता त्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी.’

‘असं कसं? बारा तारखेला हवं.’

‘बारा तारखेच्या अंकात चौकट कोरी आहे. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, “अपरिहार्य कारणामुळे या आठवड्याचे शब्दकोडे देता येत नाही.” तुम्ही आजारी होतात का तेव्हा?’

‘मी तेवीस वर्षांत एकदाही खाडा केलेला नाही,’ कोडेवाली म्हणाली.

‘मग आमच्याच कोणीतरी घोळ घातला असेल,’ संपादक बाई हसून म्हणाली. ‘तेव्हा मी इथे नव्हते. होते त्यांतलं आता कोणी नाही.’

कोडेवालीने फोन ठेवला. पुसलं काहीच गेलेलं नव्हतं. सगळी कोडी कागदावर होती, मोजून. तिला बरं वाटायला हवं होतं.

४

शुक्रवारी तिच्या पत्रांच्या फोल्डरमध्ये एक पत्र जास्त दिसलं. तारीख अकरा वर्षांपूर्वीची, चौदा नोव्हेंबर.

‘संपादक, रविवार पुरवणी, यांस. माझी पत्नी, जी आपल्यासाठी शब्दकोडे करीत असे, ती गुरुवारी गेली. आपण त्या रविवारी जागा कोरी ठेवलीत, त्याबद्दल आभारी आहे. आपणाकडे असलेले ६१२ हे शेवटचे समजावे. तिच्या टेबलावर एक अर्धे कोडे आहे. मला ते पुरे करता येत नाही, मला त्यातले कळत नाही. कळावे.’

तिने ते उभ्याने वाचलं. मग बसून वाचलं. पहिल्यांदा तिला राग आला, असा की कानशिलं तापली. चष्मेवाले दुकानातून आले आणि चपला काढतात न काढतात तोच तिने त्यांना टेबलाशी ओढत नेलं.

‘ही कसली थट्टा? मी जिवंत आहे तोवर तरी मला मारू नका.’

त्यांनी जवळचा चष्मा लावला, मग तो काढून दुसरा लावला. ओठ हलवत वाचलं.

‘हे मी लिहिलेलं नाही,’ ते म्हणाले.

‘मग कोणी लिहिलं? “आपणाकडे असलेले” असं तुमच्याशिवाय कोण लिहितं?’

‘नाही गं, खरंच नाही.’ त्यांनी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ‘पण लिहिलं असतं, तर असंच लिहिलं असतं.’

दुपारी जेवणं झाली. ती भांडी लावत होती तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हात पुसायचा रुमाल उगाच हातात घेऊन घडी घातली, मोडली.

‘मी विसरायला लागलोय का गं?’ त्यांनी विचारलं. ‘म्हणजे काहीतरी करतो आणि मग आठवत नाही, असं?’

‘काही नाही तसलं,’ ती म्हणाली. ‘कोणाच्या तरी फाइली आपल्यात मिसळल्यात. मुलगा म्हणाला, होतं असं कधीकधी.’

मुलगा असं म्हणाला नव्हता. पण तिने रात्री त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, होऊ शकतं, होऊ शकतं. आणि वर विचारलं, ‘बाबा बरे आहेत ना?’

५

नंतर फोटो आले. चष्मेवाल्यांच्या फोनमधले फोटो जिथे यायचे तिथेच. त्यांच्या फोनमध्ये मात्र ते नव्हते. तिने दोनदा तपासलं.

फोटो तिच्याच घराचे होते. हॉल, स्वयंपाकघर, बाल्कनी. कोणी विमा उतरवायला किंवा घर विकायला काढतं तसे, एकेका खोलीचे, दारातून काढलेले. बाल्कनीत एकही कुंडी नव्हती. जेवणाच्या टेबलाला एकच खुर्ची होती, बाकीच्या तीन भिंतीशी एकावर एक रचलेल्या. सिंकला मात्र तोच तडा, छताच्या कोपऱ्यात तोच ओलीचा डाग, फक्त मोठा झालेला. तिने मान वर करून खऱ्या डागाकडे पाहिलं. तो तळहाताएवढा होता. फोटोत तो परातीएवढा होता.

शेवटचा फोटो ती बसली होती त्याच खोलीचा. खिडकी, खिडकीशी टेबल, टेबलावर पांढरी चादर अंथरलेली. चादरीखाली चौकोनी काहीतरी, जुन्या कॉम्प्युटरच्या आकाराचं. खुर्ची नव्हती.

ती मागे वळून दाराकडे बघायला धजली नाही. मग स्वतःवरच चिडून वळली. दारात अर्थातच कोणी नव्हतं. तिच्या डोक्यात एकामागून एक शहाणी कारणं येत होती. कोणीतरी फोटोत फेरफार केले असतील, हल्ली काय वाटेल ते करतात. इमारतीतली सगळी घरं एकाच नकाशाची, वरच्या मजल्यावरच्यांचं घर असेल. प्रत्येक कारण ती मनात मांडायची, आणि प्रत्येकात एखादं अक्षर जास्त व्हायचं, चौकोनात न मावणारं.

फोटोंच्या खाली एक फाइल होती. नाव ‘रोजचं’. ती पुष्कळ लांब होती. तिने एकदम शेवट गाठला.

‘सोमवार. टेबलावरची चादर काढली. मशीन सुरू होतं का पाहिलं. झालं.’

‘सोमवार दुपार. तिची कोडी आहेत. ६१२ पर्यंतची माहीत होती. पुढची कुठून आली? ६१३, ६१४, किती तरी. तारखा ती गेल्यानंतरच्या आहेत. हे कोण करतंय माहीत नाही. काढून टाकली.’

‘मंगळवार. पुन्हा आली. पुन्हा काढली.’

‘मंगळवार रात्री. तिचे फोटो. केस पांढरे आहेत. तिचे केस पांढरे नव्हते. काढून टाकले.’

‘शनिवार. आज एक उघडून बघितलं. तिचंच आहे. सहा आडवा: “घरात असून सापडत नाही, तीन अक्षरी.” अशी सूत्रं दुसरं कोणी करत नाही.’

सहा आडवा तिला आठवत होता. उत्तर होतं ‘चष्मा’, आणि ते दोनच अक्षरी होतं. ती चूक छापून गेली होती आणि वाचकांची चिक्कार पत्रं आली होती.

६

दोन दिवस तिने फाइल उघडली नाही. चष्मेवाल्यांना काही सांगितलं नाही. त्यांना आधीच रात्री झोप लागत नव्हती. विसरण्याच्या तपासणीसाठी डॉक्टरांकडे जाऊन ते कागदावर घड्याळ काढून दाखवून आले होते. घड्याळ अगदी बरोबर आलं होतं. डॉक्टर म्हणाले, तुम्ही माझ्यापेक्षा ठणठणीत आहात.

पण कोडी परत येत नव्हती. मुलाने आणलेली टिकत नव्हती. आणि खरं सांगायचं तर तिला त्या माणसाची कणव आली होती. जो कोणी असेल तो, एका खुर्चीच्या घरात रोज तेच तेच पुसत बसलेला. सोमवारी सकाळी चष्मेवाले दुकानात गेल्यावर तिने ‘रोजचं’ उघडली आणि शेवटच्या ओळीखाली लिहिलं,

‘अहो, काढू नका. माझी आहेत ती.’

काही झालं नाही. तिने चहा केला, प्याली, येऊन बघितलं. मग तिच्या डोळ्यांसमोर खाली अक्षरं उमटायला लागली. एक, थांबून दुसरं, दोन बोटांनी टाईप करणाऱ्याची.

‘कोण आहे?’

तिने लिहिलं, ‘मी.’

बराच वेळ नुसती ती उभी रेघ लुकलुकत होती. मग, ‘कृपा करून असं करू नका. माझी बायको जाऊन अकरा वर्षं झाली.’

तिने लिहिलं, ‘सहा आडवा चुकलाय. उत्तर चष्मा. दोन अक्षरी.’

आता उत्तर यायला इतका वेळ लागला की तिला वाटलं, गेला. मग आलं. ‘तू कुठे आहेस?’

‘घरी. टेबलापाशी.’

‘मी पण.’

ती उठून उभी राहिली. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला, आणि त्यापाठोपाठ तसाच आवाज पुन्हा झाला, जरा दुरून, जणू भिंतीच्या आतून. वरच्यांची खुर्ची असेल. वरचे सकाळी घरी नसतात, पण असतील आज.

७

त्या दिवसापासून कोडी परत यायला लागली. मुलाने न आणता, आपोआप. सहाशे तेरा, सहाशे चौदा, अशी ओळीने. आणि ती रिकामी नव्हती. सोडवलेली होती.

आधीची चुकतमाकत, अर्धीमुर्धी. पुढची नीट. साताठशेच्या पुढची तर अशी, की तिलाही वाटावं, हा माणूस तरबेज झाला. रोज चाळीस-पन्नास. एका माणसाला दिवसात एवढी सोडवता येत नाहीत, हे तिला कळत होतं. पण ती सकाळ झाली की लगबगीने येऊन बघायची. तेवीस वर्षं कोडी केली, घरातल्या माणसाने कधी एक सोडवलं नव्हतं. वेडेपणाच तो, पण तिला सुख होत होतं आणि सुखाची भीती वाटत होती.

‘आज फार खुशीत आहेस,’ चष्मेवाले म्हणाले.

‘फाइली परत येतायत.’

‘बघ, मी म्हणत नव्हतो?’ ते म्हणाले. ते असं काहीच म्हणत नव्हते. मग एकदम उजळून म्हणाले, ‘म्हणजे मी काही केलेलं नाही. मी उगाच घाबरलो.’

तिला त्यांचा चेहरा धरून सांगावंसं वाटलं. पण सांगायचं काय?

अकराशे चौऱ्याऐंशीवं परत आलं त्या सकाळी ‘रोजचं’ फाइलमध्ये एकच नवी ओळ होती.

‘सगळी झाली. आता येऊ?’

दार वाजलं की माणूस जे म्हणतो तेच तिने लिहिलं. विचार असा केलाच नाही. बोटांनीच लिहिलं.

‘या.’

आणि ते अक्षर पडद्यावर बघताक्षणी आपण काय लिहिलं ते तिला कळलं. तिने ते खोडलं. मग फाइलच बंद केली. कॉम्प्युटर बंद केला, वायर काढून टाकली. एक अक्षर, ते किती वेळ होतं तिथे? दोन सेकंद. पण टाईप केलं की वर जाऊन बसतं.

८

दिवसभर काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला चष्मेवाले म्हणाले, कटिंग करून येतो, मानेवर फार आलेत. जाताना तिने त्यांना कपड्यांचा साबण आणायला सांगितला. तुझी कामं संपायची नाहीत, असं म्हणून ते गेले.

पाऊण तासाने किल्ली फिरली.

ती हॉलमध्येच होती, कपड्यांच्या घड्या घालत. ते आत आले आणि दारातच उभे राहिले. चपला काढल्या नाहीत. नुसते तिच्याकडे बघत राहिले, आणि बघता बघता त्यांचे डोळे भरून आले.

‘काय हो? काय झालं? पडलात का कुठे?’

त्यांनी मान हलवली. जवळ आले आणि तिच्या मनगटाला हात लावला, अगदी हलक्या हाताने, इस्त्री तापली का बघावं तसा. अंगाला बंद कपाटाचा वास येत होता.

‘कटिंग नाही केलीत?’ तिने विचारलं. केस मानेवर तसेच होते. उलट जास्तच. कॉलरवर आले होते.

‘कटिंग,’ ते म्हणाले. जणू शब्द ओळखीचा होता, पण कुठे बसवायचा ते कळत नव्हतं. ‘नाही. गर्दी होती.’

‘आणि साबण?’

ते हसले. शर्ट सकाळचाच होता, निळ्या रेघांचा. तिसरं बटण काळ्या दोऱ्याने शिवलेलं होतं, वेडंवाकडं, वरून गुंता झालेला. या घरात बटणं तीच शिवायची. काळ्या दोऱ्याने तिने निळ्या शर्टाचं बटण जन्मात शिवलं नसतं.

‘बसा,’ ती म्हणाली. ‘पाणी आणते.’

पण ती स्वयंपाकघरात गेली नाही. ती आतल्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं, फोन घेतला आणि चष्मेवाल्यांचा नंबर लावला. आपण काय तपासतोय, हे तिलाही ठाऊक नव्हतं. रिंग गेली. हॉलमध्ये फोन वाजला.

‘अगं, इथेच तर आहे मी,’ तिथून आवाज आला. ‘फोन कशाला करतेस?’

आवाज त्यांचाच. मग फोन त्यांचाच, शर्ट त्यांचाच. म्हातारपणी माणूस रडवा होतो. कटिंगला गर्दी असते. बटण दुकानात तुटलं असेल, पुतण्याने शिवून दिलं असेल. ती पलंगाच्या कडेला बसून एकेक शब्द चौकोनात बसवत होती, आणि तिची नजर कॉम्प्युटरकडे गेली. वायर तिने काल काढली होती. ती खाली लोंबत होती. तिने गुडघ्यावर बसून ती लावली, कॉम्प्युटर सुरू केला.

‘रोजचं’ फाइलमध्ये नवी ओळ उमटत होती. अक्षरं घाईघाईने येत होती, चुकत, खोडत, पुन्हा.

‘कुठे आहेस तू? कटिंग करून आलो. साबण आणला. फोन खिशात नाही, कुठे पडला कळत नाही. शेजारी बेल मारली, तुझं विचारलं, तर दार लावून घेतलं. घरात काय केलंस हे? कुंड्या कुठे गेल्या? तुझ्या टेबलावर हे जुनं मशीन आहे, त्यात हे पान उघडं होतं म्हणून लिहितोय. भिंतीवर तुझा फोटो कोणी लावला? अगं, बोल काहीतरी. मला भीती वाटतेय.’

तिने लिहायला सुरुवात केली. ‘अहो, मी इथेच. तिथून हलू नका. मी’

ओळ थांबली. ती टाईप करत होती आणि अक्षरं उमटत नव्हती. मग सगळं पान पांढरं झालं, आणि पांढऱ्यावर एक छोटी चौकट आली. ही फाइल दुसऱ्या उपकरणावरून काढून टाकण्यात आली आहे.

तिने यादी उघडली. दुसरं उपकरण म्हणजे ‘बाबांचा फोन’ होता.

लोटलेलं दार हळूच उघडलं. तो दारात उभा होता, फोन हातात धरून, डोळे अजून ओले. चेहऱ्यावर एवढी माया होती की ती ओरडू शकली नाही.

‘कोणीतरी उगाच काहीबाही लिहीत होतं,’ तो म्हणाला. ‘मलाही आधी असंच घाबरवायचे. काढून टाकलं मी. परत आलं तर परत काढीन. तू नको बघूस तिकडे.’